वांचलेल्या जिवाची विचारपूस

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीला जे यात्रेकरू येतात, ते सगळेच पौर्णिमेची वारी करणारे किंवा दत्तजयंतीच्या उत्सवासाठीं येणारे असतात असें नाहीं. ज्याच्या मनाचा तोल सुटला आहे, ज्याची झोंप उडाली आहे, ज्याला अन्न गोड लागत नाहीं आणि जगणें नकोसें झालें आहे, अशा माणसाला घेऊन त्याचे आप्त पिढ्यान्‌पिढ्या ह्या क्षेत्रीं येत आले आहेत. कोणी त्या दुःखाला बाधा म्हटलें, कोणी पीडा म्हटलें, कोणी पूर्वकर्म म्हटलें. नांव कोणतेंहि असो. बरोबर आलेली आई, भाऊ किंवा बायको वाडींत कांहीं दिवस मुक्काम करी, पहांटेच्या काकड आरतीपासून रात्रींच्या शेजारतीपर्यंतच्या क्रमांत त्या कष्टी जिवाला बसवी, प्रदक्षिणा घालतांना त्याच्याबरोबर चाले आणि त्याला एकटें सोडीत नसे. श्रद्धेचा भाग श्रद्धाळूंपाशीं ठेवला, तरी ह्या रीतींत एक गोष्ट अशी आहे कीं जिच्याकडे वैद्यकानें आणि सरकारनेंहि नीट पाहावें. पीडित माणसाला येथें सोबत मिळते, आणि ती सोबत दिवस मोजून, ठरवून दिलेली असते.

जगणें नकोसें झालेल्या माणसासाठीं सरकारी दवाखान्यांत काय होतें, त्यापायीं सरकार किती पैसा देतें, आणि तो पैसा कोणत्या कामावर खर्च व्हावा, हा प्रश्न वरवर पाहतां कचेरींतल्या हिशेबाचा वाटेल. वस्तुतः तो हजारों घरांचा प्रश्न आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२३ सालीं भारतांत १,७१,४१८ माणसांनीं आपल्या हातानें आयुष्य संपविलें. त्यांपैकीं २२,६८७ एकट्या महाराष्ट्रांतलीं होतीं, आणि हा आंकडा सर्व राज्यांत मोठा होता. म्हणजे ह्या एका राज्यांत दर दिवशीं सरासरीनें ६२ घरांवर हा आघात झाला. लोकांच्या मनांत ह्या विषयाशीं कर्जबाजारी शेतकऱ्याचें चित्र निगडित झालेलें आहे. तें खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. २०२२ च्या अहवालांत शेतकरी आणि शेतमजूर मिळून १०० पैकीं सुमारें ७ होते; रोजंदारीवर जगणारे २६ होते आणि गृहिणी जवळजवळ १५ होत्या. कारणांचा विचार केला तर घरांतील कलह आणि अडचणी पहिल्या क्रमांकावर, म्हणजे १०० पैकीं सुमारें ३२. आणि दुसऱ्या क्रमांकावर आजारपण, १०० पैकीं १८. दुखण्यानें जेरीस आलेला माणूस देवळांत जाईल किंवा न जाईल. दवाखान्यांत तो बहुधा गेलेलाच असतो.

येथेंच दवाखान्याचें महत्त्व प्रकट होतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें अशा प्रत्येक मृत्यूमागें तसा प्रयत्न केल्याचे सुमारें २० प्रसंग असतात. ज्यानें एकदां तसा प्रयत्न केला, त्याला पुढें धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो, आणि पहिल्या कांहीं आठवड्यांत व महिन्यांत तो विशेष असतो. म्हणजे संकटांत सांपडलेला माणूस शोधण्यासाठीं सरकारला रानोमाळ हिंडावयास नको. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं त्याला उचलून सरकारी खाटेवर आणलेलेंच असतें. त्याचें नांव, गांव, वय नोंदवहींत लिहिलेलें असतें. असें असूनहि पुढें पुष्कळदां एवढेंच घडतें: डॉक्टर आणि परिचारिका शर्थ करून त्याचा प्राण वांचवितात, दोन-चार दिवसांनीं त्याला घरीं पाठवितात, जातांना नातेवाइकांना ‘जपा’ म्हणून सांगतात, आणि नोंदवहीचें पान उलटतें. शरीर सुधारलें एवढ्यावरून माणूस सुधारला असें धरलें जातें. ज्या दुःखानें तो तेथवर आला, तें दुःख घरीं जसेंच्या तसें असतें.

असें कां होतें, हें समजण्यासाठीं थोडें कायद्याच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे. १८६० च्या भारतीय दंड संहितेंतील ३०९ व्या कलमानें जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला होता. त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. महाराष्ट्रांत ह्या कलमाला मोठा हादरा बसला तो १९८६ सालीं, मुंबई उच्च न्यायालयांत. मुंबई पोलिस दलांतील एक शिपाई रस्त्यावरील अपघातानंतर मनानें आजारी झाला होता. पत्नीला भाजीचें दुकान चालविण्याची परवानगी मिळावी म्हणून तो खटपट करीत होता. महानगरपालिकेच्या कचेरींत निराशा पदरीं आल्यावर त्यानें तेथेंच जीव देण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच्यावर खटला भरला गेला. न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांच्या पीठानें तें कलमच घटनाबाह्य ठरविलें. अशा माणसाला मनोविकारांवरील उपचारांची गरज असते. तुरुंगाच्या कोठडींत त्याची स्थिति अधिकच बिघडते, असा त्या निकालाचा आशय होता. १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तसाच निर्णय दिला. परंतु १९९६ सालीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें तो फिरविला, आणि कलम पुन्हां लागू झालें.

ह्या सर्व काळांत शिक्षेच्या भीतीनें एकच काम नेमकें केलें. घरच्यांनीं खरें सांगणें बंद केलें. ‘चुकून झालें’, ‘अंधारांत समजलें नाहीं’ अशा हकीकती डॉक्टरांच्या कानीं येऊं लागल्या. पोलिस चौकी आणि गांवांतली बोलणीं ह्या दोहोंपासून घराचें नांव राखण्यासाठीं कुटुंबानें उभी केलेली ती भिंत होती. पण तिच्या आड रुग्णच एकटा पडला. नोंदींत कारण ‘चुकून’ असें पडलें, कीं मनाची चौकशी करणाराला बोलावण्याचा प्रश्नच उरत नसे.

२०१७ सालीं संसदेनें मानसिक आरोग्यसेवा कायदा केला, आणि २९ मे २०१८ पासून तो अमलांत आला. त्याचें ११५ वें कलम दोन भागांचें आहे. पहिला भाग पुष्कळांच्या कानावर गेला आहे: जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावें आणि त्याला शिक्षा करूं नये. दुसरा भाग मात्र फारसा कोणाच्या बोलण्यांत येत नाहीं. अशा माणसाची शुश्रूषा, उपचार आणि पुनर्वसन करणें, आणि त्याच्या हातून पुन्हां तसा प्रयत्न होण्याचा धोका कमी करणें, हें सरकारचें कर्तव्य आहे, असें त्यांत सांगितलें आहे. सरकारी आरोग्यसंस्थांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांवरील प्राथमिक आणि तांतडीच्या उपचारांचें शिक्षण द्यावें, असेंहि हाच कायदा सांगतो. पुढें १ जुलै २०२४ रोजीं भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हां जुनें ३०९ वें कलम गेलें; सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठीं केलेला प्रयत्न तेवढा २२६ व्या कलमाखालीं गुन्हा राहिला. सारांश, रुग्णाच्या डोक्यावरून शिक्षेचें ओझें उतरलें आणि सरकारच्या खांद्यावर शुश्रूषेचें ओझें आलें. कायद्यांत ‘कर्तव्य’ हा शब्द लिहिणें सोपें असतें. त्याच्यापुढें रुपयांचा आंकडा लिहिणें अवघड असतें.

ह्या देशांत मनाच्या आजारावरचा सरकारी पैसा फार काळ मोठमोठ्या भिंतींच्या आंतच खर्च झाला. महाराष्ट्रांत येरवडा, ठाणें, नागपूर आणि रत्नागिरी अशीं चार प्रादेशिक मनोरुग्णालयें आहेत. त्यांपैकीं रत्नागिरीचें रुग्णालय १८८६ सालचें असून, कोल्हापूरकडच्या रुग्णाला तेथें नेण्यासाठीं सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. शरीराच्या दुखण्याचें तसें नव्हतें. वाडीपासून जवळच मिरजेस डॉ. विल्यम वान्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उभें केलें, आणि कोल्हापुरांत छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय आहे, ज्याला सगळा जिल्हा ‘सी. पी. आर.’ म्हणून ओळखतो. तापाचा, बाळंतपणाचा, मोडलेल्या हाडाचा रुग्ण दिवसाउजेडीं तेथें नेला जाई. मनाचा रुग्ण मात्र एक तर दूरच्या भिंतींआड, नाहीं तर देवाच्या दारीं.

ही स्थिति पालटावी म्हणून १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकांतील बळ्ळारी जिल्ह्यांत जो प्रयोग झाला होता, त्याच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हातीं घेण्यांत आला, आणि जीव देण्यापासून माणसाला परावृत्त करणें हेंहि पुढें त्याचें एक अंग ठरलें. ह्या कार्यक्रमासाठीं एका जिल्ह्याला वर्षाला ८३ लाख २० हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यांत आलें. २०११ च्या जनगणनेप्रमाणें कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. त्या हिशेबानें ही सगळी रक्कम आली तरी ती दरसाल माणशीं २ रुपये १५ पैसे पडते. एवढ्यांत चहाचा एक पेलाहि येत नाहीं. आणि ह्यांतूनच मनोविकारतज्ज्ञाचा पगार, औषधें, शिबिरें, प्रवास आणि प्रशिक्षण हें सर्व भागवावयाचें असतें.

त्यांतहि मंजूर झालेला पैसा खर्चच होतो असें नाहीं. २०१९-२० च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठीं ४० कोटी रुपये दाखविले होते. त्याच वर्षाच्या सुधारित अंदाजांत ते ५ कोटींवर आले. पैसा असतांना तो मागें कां राहतो, ह्याचें उत्तर साधें आहे. माणूस नेमल्याशिवाय पगार खर्चीं पडत नाहीं, आणि पगार खर्चीं पडला नाहीं म्हणजे पुढील वर्षीं ‘गरज नाहीं’ असें कागदावर दिसतें. रिकामी जागा ही अशा रीतीनें दुहेरी नुकसान करते: ह्या वर्षींचा रुग्ण दुर्लक्षित राहतो, आणि पुढच्या वर्षींच्या रुग्णाचा पैसा कमी होतो.

अलीकडच्या वर्षांत सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीची सेवा सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र, मराठींतहि, मोफत बोलतां येतें. तिच्यासाठीं २०२२-२३ ला १२० कोटी ९८ लाख, २०२३-२४ ला १३३ कोटी ७३ लाख आणि २०२४-२५ ला ९० कोटी रुपये अंदाजपत्रकांत ठेवले गेले. २१ नोव्हेंबर २०२२ रोजीं राष्ट्रीय आत्महत्या-प्रतिबंध धोरण जाहीर झालें. २०३० पर्यंत ह्या मृत्यूंचें प्रमाण २०२० च्या मानानें १० टक्क्यांनीं उतरवावें, आणि पांच वर्षांच्या आंत प्रत्येक जिल्ह्यांत ह्या कामाचा बाह्यरुग्ण विभाग चालू व्हावा, असें त्यांत म्हटलें आहे. महाराष्ट्र सरकारनें तर त्यापूर्वींच, २०१५ सालीं, ‘प्रेरणा प्रकल्प’ आरंभिला होता. मराठवाड्यांतील ८ आणि विदर्भांतील ६ अशा १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबांची विचारपूस करीत, आणि ज्याचें मन खचलें आहे असें दिसे त्याला दवाखान्याची वाट दाखवीत. खेड्यांतील साध्या कार्यकर्त्यांकडून हें काम होतें, ह्याचा पुरावा अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत चाललेल्या ‘विश्राम’ ह्या प्रयोगानेंहि दिला. तेथें मनाच्या खिन्नतेनें ग्रासलेल्यांपैकीं उपचार घेणारे आरंभीं १०० पैकीं ४ होते. दीड वर्षांत ते २७ झाले.

ह्या योजनांचें मोल मान्य करूनहि दोन उणीवा डोळ्यांत भरतात. ‘प्रेरणा’ ज्या जिल्ह्यांत गेली ते जिल्हे दुष्काळाचे आणि कर्जाचे म्हणून निवडले गेले. कोल्हापूरचें नांव त्या यादींत नव्हतें. उसाच्या हिरव्या मळ्यांकडे पाहून शिरोळ तालुक्यांत कोणाला निराशा ग्रासीत नसेल असें वाटण्याचा संभव आहे. परंतु रोजंदारीवरचा मजूर, घरांत कोंडलेली सून, परीक्षेंत हरलेला मुलगा आणि जुनाट दुखण्यानें खिळलेला म्हातारा हे पावसाचें मान पाहून एका जिल्ह्यांत राहात नाहींत. दुसरी उणीव दूरध्वनीच्या सेवेची आहे. जो फोन करूं शकतो त्याला ती खरोखर उपयोगी आहे, आणि त्यानें ती नि:संकोच वापरावी. परंतु मरणाच्या दारांतून परत आलेला माणूस बहुधा ओशाळलेला असतो. आपलें तोंड कोणाला दाखवूं नये असें त्याला वाटतें. तो आपण होऊन फोन करील ह्या भरंवशावर राहणें बरोबर नाहीं. त्याच्याकडेच कोणीतरी गेलें पाहिजे.

हें ‘कोणीतरी जाणें’ किती मोलाचें आहे, ह्याची परीक्षा झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांत चेन्नई, श्रीलंकेंत कोलंबो, इराणांत करज, चीनमध्यें युनचेंग आणि ब्राझीलमध्यें कांपिनास अशा पांच ठिकाणीं, तसा प्रयत्न करून रुग्णालयांत आलेल्या १,८६७ माणसांवर एक प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें निम्म्या लोकांना नेहमींचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याखेरीज दोनच गोष्टी मिळाल्या. घरीं जाण्यापूर्वीं कोणीतरी त्यांच्यापाशीं तासभर बसून बोललें: हें संकट काय असतें, तें पुन्हां दाटून आलें तर काय करावें, कोणाकडे जावें, हें समजावून सांगितलें. आणि पुढील दीड वर्षांत त्यांची ९ वेळां विचारपूस झाली; पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यांत, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यांत. कधीं फोनवर, कधीं घरीं जाऊन. दीड वर्षानें पाहिलें तों पहिल्या गटांत दर हजारीं २२ माणसें आपल्या हातानें गेलेलीं होतीं. दुसऱ्या गटांत दर हजारीं २. नवें औषध नाहीं, यंत्र नाहीं, इमारत नाहीं. कैफियत ऐकणारा एक माणूस आणि तारखा लिहिलेली एक वही, एवढ्यावर हा फरक पडला.

श्रीमंत देशांचा अनुभवहि ह्याच दिशेचा आहे. अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड आरोग्यसंस्थेनें २००१ पासून, मनाच्या आजारासाठीं आलेल्या प्रत्येक रुग्णाला ह्या धोक्याविषयीं स्पष्ट प्रश्न विचारावयाचा, भेटीची तारीख लांबवावयाची नाहीं आणि मध्यंतरीं फोन करून चौकशी करावयाची, असा नेम घातला. पहिल्या चार वर्षांतच तेथील अशा मृत्यूंचें प्रमाण सुमारें ७५ टक्क्यांनीं उतरलें. त्या धर्तीच्या कामासाठीं अमेरिकेच्या केंद्र सरकारनें पुढें रुग्णालयांना स्वतंत्र अनुदानें दिलीं. ‘विचारल्यानें मनांत नसलेली गोष्ट भरते’ ही समजूत सर्वत्र आहे. परंतु मायेनें आणि सरळ विचारलेल्या प्रश्नानें धोका वाढत नाहीं, उलट मनावरचें दडपण हलकें होतें, असें ह्या क्षेत्रांत काम करणारांचें मत आहे.

आतां खर्चाचा हिशेब पाहावा. एखाद्या तालुक्यांत महिन्याला असे १० रुग्ण येतात असें केवळ हिशेबापुरतें धरलें, तर वर्षाला ते १२० होतात. प्रत्येकाशीं तासभर बोलणें म्हणजे वर्षाचे १२० तास. प्रत्येकाची ९ वेळां चौकशी म्हणजे १,०८० भेटी किंवा फोन. म्हणजे दिवसाला सरासरीनें ३. एका प्रशिक्षित परिचारिकेच्या किंवा समाजसेविकेच्या आवांक्यांतलें हें काम आहे. तिला पगार पाहिजे, फोन पाहिजे, गांवोगांव जाण्याचा प्रवासखर्च पाहिजे, आणि अडलें तर सल्ला विचारावयास जिल्ह्याचा मनोविकारतज्ज्ञ पाठीशीं पाहिजे. उपकेंद्रांतील आरोग्यसेविका आणि गांवची आशा ह्या तिच्या सोबतिणी होऊं शकतील. परंतु आधींच लसीकरण, बाळंतपणें आणि सर्वेक्षणें यांनीं वाकलेल्या आशांच्या माथीं हें आणखी एक बिनपगारी ओझें ठेवणें म्हणजे काम न करण्याचाच मार्ग होय. कोट्यवधींच्या अंदाजपत्रकांत तालुक्याला एक जागा ही मागणी मोठी नव्हे. मात्र ती जागा ह्याच कामासाठीं राखलेली पाहिजे, आणि तिच्या कामाचें माप शिबिरें किती भरलीं, पत्रकें किती वांटलीं ह्यावर न ठरतां, घरीं गेलेल्या किती माणसांच्या नऊहि भेटी पुऱ्या झाल्या ह्यावर ठरलें पाहिजे.

ह्यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. ज्याला कर्जानें घेरलें, ज्याचा नवरा दारूपायीं मारतो, ज्याच्या पोटाला काम नाहीं, त्याला परिचारिकेच्या गोड बोलण्यानें काय होणार? आक्षेप निराधार नाहीं. कर्ज फेडण्याचें काम दवाखान्याचें नव्हे, आणि दारिद्र्याला आजार म्हणून गोळी देणें ही फसवणूक होय. तथापि संकटाची लाट कायम सारखीच उंच नसते. अत्यंत निकराची घडी पुष्कळदां कांहीं तासांची किंवा दिवसांची असते. ती टळली तर त्याच माणसाला कर्जाचा तगादा टाळण्याचा, माहेरचा आधार घेण्याचा, कामाच्या योजनेवर नांव घालण्याचा मार्ग दिसूं शकतो. चौथ्या आठवड्यांत दारीं आलेली परिचारिका कर्ज फेडीत नाहीं. पण तलाठ्याकडे, बँकेकडे किंवा महिलांच्या साहाय्यकेंद्राकडे कोणता कागद न्यावयाचा, हें ती सांगूं शकते. आणि कोणी ऐकणारें आहे एवढें कळणें हेंच पुष्कळांना पहिलें औषध असतें.

दुसरा आक्षेप अब्रूचा आहे. खेड्यांत सरकारी बाई एखाद्या दारांत दोनदां दिसली कीं चार तोंडें हलतात. म्हणून भेट कोठें घ्यावयाची हें रुग्णानें ठरवावें; घरीं नको असेल तर दवाखान्यांत, नाहीं तर फोनवर. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यानेंच दिलेला आहे. तो पाळला जातो असा विश्वास एकदां बसला, म्हणजे ‘चुकून झालें’ ह्या उत्तराची गरजहि हळूहळू सरेल.

उरला प्रश्न देवाच्या दारीं येणाराचा. जो माणूस दवाखान्यांत न जातां सरळ वाडीला येतो, त्याच्यापर्यंत हा पैसा कसा पोंचणार? तामिळनाडूंतील एरवाडी येथें २००१ सालीं साखळदंडांनीं बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगींत होरपळून गेले, तेव्हां धर्मस्थळांजवळ रुग्णांना कसें ठेवलें जातें ह्याकडे सगळ्या देशाचें लक्ष वळलें. महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें भूत उतरविण्याच्या नांवाखालीं माणसाला बांधणें आणि मारणें हा गुन्हा ठरविला आहे, आणि तो कायदा योग्यच आहे. परंतु शिक्षेनें क्रूरपणा थांबेल. उपचार त्यानें मिळणार नाहींत. गुजरातेंत उनावा येथील मीरा दातारच्या दर्ग्यांत सरकारच्या साहाय्यानें दवा आणि दुवा एकत्र आणण्याचा प्रयोग झाला. मुजावरांनाच आजाराचीं लक्षणें ओळखावयास शिकविलें, आणि दर्ग्याच्या आवारांतच डॉक्टर बसूं लागले. भक्ताला देव सोडावा लागला नाहीं, आणि औषधहि मिळालें. नृसिंहवाडींतहि असें होण्यास अडचण दिसत नाहीं. ठराविक वारीं आणि पौर्णिमेला एक समुपदेशक तेथें बसावा. ज्यांच्याकडे यात्रेकरू उतरतात त्या घरांना आणि पुजारी मंडळींना कोणाला कोठें पाठवावयाचें हें समजलेलें असावें. आणि यात्रेकरू आपल्या गांवीं परतला कीं त्याच्या तालुक्यांतील परिचारिकेला, त्याच्या संमतीनें, निरोप जावा. सेवा वाडींत संपते. विचारपूस घरीं सुरू व्हावयास हवी.

ह्या भागाला आणखी एक विशेष कारण आहे. २००५, २०१९ आणि २०२१ सालीं कृष्णा-पंचगंगेच्या महापुरानें शिरोळ तालुक्यांतील गांवें वेढलीं. पुराच्या पाण्याविषयीं वाडीकर बेसावध नसतात. पाणी चढूं लागलें कीं देवाची उत्सवमूर्तिदेखील वेळेवर वर, नारायणस्वामींच्या मंदिरांत नेली जाते. पाणी गाभाऱ्यांत शिरेपर्यंत कोणी वाट पाहात नाहीं. पाणी ओसरल्यावर पडलेल्या घरांचे, वाहून गेलेल्या गुरांचे, कुजलेल्या उसाचे पंचनामे होतात आणि त्यांची भरपाई मिळते. मनाचा पंचनामा मात्र कोणी करीत नाहीं. चिखल काढून झाल्यावर, पाहुणे आणि मदतीच्या गाड्या परतल्यावर, दोन-तीन महिन्यांनीं ज्याचें मन खचतें, त्याच्यासाठीं त्या भरपाईंत एक पैसाहि नसतो. पूर-साहाय्याच्या निधींतून अशा कार्यकर्त्यांचा वर्षभराचा खर्च काढणें हा धर्मादाय ठरणार नाहीं. तो नुकसानीच्या हिशेबांतलाच भाग होय.

जगांतील बहुतेक सरकारें आरोग्यावरच्या खर्चांतून मनाच्या आरोग्याला शेंकडा दोनच्या आसपासच देतात, असें जागतिक आरोग्य संघटनेचे अहवाल सांगतात. तेव्हां ही कुचराई एकट्या ह्या देशाची नाहीं. परंतु ह्या देशाच्या संसदेनें जें कर्तव्य स्वतः होऊन कायद्यांत लिहिलें, त्याच्यासाठीं इतरांकडे बोट दाखवितां येणार नाहीं. ग्रामपंचायतीच्या सभेंत, जिल्हा परिषदेंत आणि विधिमंडळांत निवडून दिलेल्या प्रतिनिधीला विचारण्याजोगा एक साधा प्रश्न आहे: गेल्या वर्षीं ह्या तालुक्याच्या दवाखान्यांतून जीं माणसें मरणाच्या दारांतून घरीं परत गेलीं, त्यांच्याकडे पुढें कोण गेलें, आणि त्याच्या पगाराची तरतूद कोणत्या सदराखालीं आहे? ज्या दिवशीं ह्या प्रश्नाचें उत्तर नांवानिशीं आणि आंकड्यानिशीं मिळेल, त्या दिवशीं ११५ वें कलम खऱ्या अर्थानें अमलांत आलें असें म्हणतां येईल. तोंवर ज्या कोणा श्रोत्याला, किंवा त्याच्या घरांतील कोणाला, जगणें असह्य वाटत असेल, त्यानें ती गोष्ट एका विश्वासाच्या माणसापाशीं आजच बोलून दाखवावी, जवळच्या सरकारी दवाखान्यांत जावें, किंवा १४४१६ ह्या क्रमांकावर बोलावें. आणि ज्याच्या शेजारीं असा कोणी घरीं परतलेला असेल, त्यानें पहिल्या आठवड्यांत एकदां त्याच्या दारीं जावें, आणि चौथ्या आठवड्यांत पुन्हां जावें.